घरटी चाळीस भारे

६ जानेवारी २०२५, सोमवार

युनिट मागितले होते. अश्वशक्ती आली!

पाणीपुरवठ्याच्या पंपांना महिन्याला किती वीज लागते, हा एकच प्रश्न. ब शहराला तीन पत्रांतून विचारला, दोनदा फोनवर विचारला, एकदा प्रत्यक्ष जाऊन विचारला. आज उत्तर आलं — ‘आमच्याकडे पंच्याहत्तर अश्वशक्तीच्या चार मोटारी असून त्या सुस्थितीत आहेत.’ मी मोटारींची खुशाली विचारली नव्हती.

अ शहराने बारा महिन्यांचे आकडे दिले. बाराही सारखे. मे महिन्यात नळाला आठ दिवसांनी पाणी येत होतं तेव्हाही तेवढीच वीज, श्रावणातही तेवढीच. फोन केला तर तिथले बाबू म्हणाले, "मॅडम, एक महिना बरोबर हाय. बाकीचे त्याच्यावरून घेतले." बरोबर महिना कुठला, ते त्यांना आठवत नाही. क शहराने काहीच पाठवलेलं नाही, म्हणून तिथे चूकही नाही.

खरी नावं इथेही लिहीत नाही. मॉडेलमध्ये अ-ब-क करून करून सवय झाली आहे. शिवाय ही वही कधी ऑफिसात राहिली तर नसता घोळ.

सात महिने झाले पुण्याच्या संस्थेने मला वाशीमला बसवून. काम सांगायला सोपं आहे. शेजारशेजारच्या तीन शहरांचा मिळून एक ऊर्जा आराखडा करायचा — कुठे किती वीज, डिझेल, कोळसा जळतो ते मॉडेलमध्ये भरायचं, आणि दहा वर्षांत धूर निदान वीस टक्क्यांनी कसा कमी होईल ते दाखवायचं. वीसच्या खाली आलं तर आराखडा नामंजूर. मंजूर झाला तर इथला कक्ष कायमचा होईल आणि त्याची प्रमुख मी. नाहीतर ३१ मार्चला खुर्ची उचलायची आणि पुन्हा पुणे.

पुणे म्हणजे पुन्हा शनिवार-रविवारचं लग्न. पवन इथे कॉलेजात शिकवतो. दोन वर्षं आम्ही बसच्या तिकिटांवर संसार केला. आता नाही करायचा मला.

९ जानेवारी, गुरुवार

क शहराने बिलाचा फोटो पाठवला. आडवा. अर्ध्या बिलावर पाठवणाऱ्याचा अंगठा.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. गावी आले. जऊळक्याहून पुढे सहा किलोमीटर, पवनचं घर. आत्याबाईंनी — माझ्या सासूबाई, मनकर्णाबाई — वाणाला बोलावलेल्या सगळ्या बायकांना माझी ओळख एकाच वाक्यात करून दिली. "हे लाइटीच्या ऑफिसात हाय." त्यानंतर चार जणींनी मला आपापल्या घरचं मीटर कसं पळतं ते सांगितलं. एकीने मीटर बघायला घरी चल म्हणून हाताला धरलं. मी लाइटीच्या ऑफिसात नाही हे सांगायचं मी आता सोडून दिलं आहे.

दुपारी मॉडेल चालवायला लावलं आणि लाइट गेली. चाळीस मिनिटांचं गणित अडतिसाव्या मिनिटाला मेलं. आत्याबाई म्हणाल्या, "तुह्याच ऑफिसची लाइट, तुलेच नाई सांगून जात?"

१७ जानेवारी, शुक्रवार

एकतीस!

एकतीस टक्के. तीनदा चालवून बघितलं, तिन्ही वेळा एकतीस.

कुठून आलं ते मांडून ठेवते. रस्त्यावरचे दिवे, पंप, बस हे सगळं मिळून कसंबसं सात. बाकी सगळं पराट्यांनी दिलं. कपाशी वेचून झाली की वावरात जे वाळके धांडे उभे राहतात, त्या पराट्या. त्या दळून दाबून त्यांचा पांढरा कोळसा करायचा, आणि तिन्ही शहरांच्या कारखान्यांत, दालमिलमध्ये जो खाणीतला कोळसा जळतो त्याच्या जागी हा जाळायचा. त्यासाठी अ शहराजवळ एक कारखाना. पराट्या आहेतच, आणि आमच्या सर्वेक्षणाप्रमाणे खेड्यांत त्यांचा काही उपयोग नाही. चारशे बारा घरांपैकी चारशे बारा घरांत इंधन म्हणून त्यांची नोंद शून्य. म्हणजे सगळ्या वाया जातात, वावरातच पेटवून देतात. वाया जाणारी वस्तू कामी आली, याहून गोड आराखडा काय असणार?

ज्योत्स्ना मॅडमना पुण्याला कळवलं. त्या आमच्या संस्थेच्या प्रमुख. सात महिन्यांत पहिल्यांदा त्या ‘छान’ म्हणाल्या.

२२ जानेवारी, बुधवार

तिन्ही शहरांची बैठक. लाइट नव्हती म्हणून प्रोजेक्टरसाठी खिडकीखाली जनरेटर लावला. धूर कमी करण्याच्या बैठकीत सगळे नाकाला रुमाल लावून बसले होते.

भांडण कशावर? एकतीस टक्के कुणाच्या नावावर, यावर. कारखाना अ शहरात. कोळसा जळतो ब शहरात. पराट्या येणार क शहराच्या भोवतालच्या खेड्यांतून. तिघांनाही अख्खे एकतीस पाहिजेत. मी म्हटलं, आराखडा तिघांचा मिळून आहे, बेरीज एकच आहे. ब शहराचे एक सभासद म्हणाले, "मॅडम, लग्न एकाच मांडवात झालं म्हणून नवरी तिघांची नसते." सगळे खूप हसले. मी हसले नाही तर मॅडमना विनोद कळत नाही असंही कुणीतरी म्हणालं.

दोन तास गेले. पराट्या आणायच्या कशा, कोण देणार, यावर दोन मिनिटंही नाहीत. मीही विषय काढला नाही. माझ्या दृष्टीने ते गणित सुटलेलं होतं.

२ फेब्रुवारी, रविवार

आज जे झालं ते नीट लिहिते. राग अजून गेलेला नाही. राग कुणाचा, तर माझाच.

सकाळी मामाजींबरोबर — सासरे, उकंडराव — वावरात गेले. पलीकडच्या चार एकरांत पराटी उपटणं चाललं होतं. तांड्यावरच्या बाया, लोखंडी चिमट्याने एकेक धांडा मुळासकट ओढत होत्या. तांड्यातली निम्मी माणसं दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात, मागे राहिलेल्या बाया हे काम करतात. मी दहा धांडे उपटून पाहिले आणि कंबर धरून उभी राहिले. कमलीबाई हसली. पन्नाशीची बाई, आमच्या वावरात वीस वर्षं येते.

धुऱ्यावर, म्हणजे वावराच्या बांधावर, भारे बांधून ठेवलेले होते, चांगले पंधरा-वीस. मी सहज विचारलं, हे पेटवणार कधी?

"पेटवाचे?" कमलीबाई म्हणाली. "घरी नेऊन पेटवाचे. चुलीत."

मामाजी म्हणाले, "पराटी ज्यानं उपटली त्याची. आपुन वावर मोकळं करून मांगतो, ते मजुरी मांगत नाई. माह्या बापाच्या आधीपासून असंच हाय. तुमच्या कंप्युटरात नाई का हे?"

नाही. कंप्युटरात हे नाही.

कंप्युटरात काय आहे, तर माझा प्रश्न. सर्वेक्षणाच्या कागदावरचा नववा. ‘घरात महिन्याला विकत घेतलेले इंधन (किलो)’. विकत! चारशे बारा घरांनी खरं उत्तर दिलं — काहीच नाही. आणि मी त्या ‘काहीच नाही’चा अर्थ घेतला की इथे चुली पेटत नाहीत. माझ्या सासरच्या मागच्या दारी पराट्यांची गंजी आहे. सून झाल्यापासून त्यावरच आंघोळीचं पाणी तापतंय. त्याच पाण्याने आंघोळ करून मी ऑफिसात जाऊन शून्य लिहिलं.

३ फेब्रुवारी, सोमवार

हरीओमला बोलावलं. आमचं सर्वेक्षण त्यानेच केलं, रिठदचा आहे, माझ्याहून दहा वर्षांनी मोठा. मी जरा आवाज चढवूनच विचारलं, तुम्ही खेड्यातले ना, घरोघरी पराट्यांच्या गंज्या दिसल्या नाहीत तुम्हाला?

तो शांतपणे म्हणाला, "दिसल्या. म्या पहिल्याच दिवशी फोन केला होता तुमाले. इचारलं, फुकटचं सरपन लिहू का? तुमीच म्हन्ल्या, हरीओम भाऊ, प्रश्नात आहे तेवढंच लिहा."

आठवलं. अगदी शब्दन् शब्द आठवलं. तेव्हा अ शहराच्या बाराच्या बारा सारख्या आकड्यांवर चिडलेली होते आणि मला कुणी जास्तीचं काही लिहायला नको होतं.

त्याला सॉरी म्हटलं. तो म्हणाला, "असू द्या." चहा मात्र घेतला नाही.

५ फेब्रुवारी, बुधवार

पुस्तकातला आकडा घालून पाहिला. चुलीवर रांधणाऱ्या घराला वर्षाला साधारण ऐंशी भारे लागतात, असं धरतात. ऐंशी घातले की एकतीसचे बारा होतात.

बारा. वीस पाहिजेत.

ज्योत्स्ना मॅडमना फोन. मी सगळं सांगितलं — की पराट्या वाया जात नाहीत, की त्या नेल्या तर बाया जंगलात जातील, हिरवं झाड तोडतील, आणि तो धूर आपल्या मॉडेलच्या सीमेबाहेर पडेल म्हणून आपल्याला दिसणारही नाही. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाल्या, "वैभवी, एक तळटीप टाक ना."

तळटीप! कमलीबाईची चूल तळटिपेत.

मी म्हटलं, तळटीप कुणी वाचत नाही. त्या म्हणाल्या, "म्हणूनच तर." नंतर जरा मऊ झाल्या. "हे बघ, पुस्तकातली सरासरी सगळ्या देशाची आहे. तुझ्या भागातला खरा आकडा आण. कमी निघाला तर वाचलीस. पण मोजून आण, दया येऊन नको."

बरोबर बोलल्या, हेच चीड आणणारं आहे.

६ फेब्रुवारी, गुरुवार

पवन म्हणाला, "बारा तर बारा. खरं ते लिही, पुण्याला जाऊ." बोलणं सोपं आहे. बॅग मला भरावी लागते. त्याची पोळी जरा आपटूनच वाढली.

९ फेब्रुवारी, रविवार

स्वतः तांड्यावर गेले. हरीओमला पाठवलं नाही, दुसऱ्याच्या डोळ्यांनी एकदा पाहून झालं. आत्याबाई म्हणाल्या एकटी जाऊ नको, मी येते, मले सगळ्या ओळखतात. बरंच झालं, त्यांच्यामुळे प्रत्येक दारात चटई पडली.

आधी भारा म्हणजे नक्की किती ते ठरवलं. लटकता काटा नेला होता. नऊ भारे तोलले, सरासरी अठरा किलो. कमलीबाई काट्याकडे संशयाने बघत होती. "तोलून काय करता, सूनबाई? डोक्यावर घेतला की समजते."

मग दारोदार. प्रश्न या वेळी साधा ठेवला. वर्षाला पराटीचे किती भारे घरी आणता? कुणी लगेच सांगितलं, कुणी आधी शेजारणीकडे बघून घेतलं. कुठे चाळीस, कुठे अडतीस, कुठे बेचाळीस. रुपाबाई म्हणून एक म्हातारी आहे, तिने तर बोटं मोजून, थांबून थांबून, चाळीसच सांगितले. बेचाळीस घरं, सरासरी चाळीस, कुठेही मोठा फरक नाही.

कमलीबाईकडे चहा झाला. तिची सून निता, ऊसतोडीवर नवरा गेलेला, मांडीवर लेकरू. मी कागदावर लिहीत होते ते ती नीट बघत होती.

बसमध्ये उभ्याउभ्या बेरीज केली आणि हसू आलं. इतका नीट आकडा तीन नगरपालिकांनी मिळूनही मला दिलेला नाही.

१० फेब्रुवारी, सोमवार

पुस्तकातल्यापेक्षा बरोबर अर्धा येतो, हे जरा टोचलं. कारण शोधलं, आणि सापडलं. बहुतेक घरांत सिलिंडर आहे. माणसं सहा महिने बाहेर असतात. तुराट्या आहेत, गोवऱ्या आहेत. पटण्यासारखं आहे. शिवाय पुस्तक लिहिणारा तांड्यावर गेला नव्हता, मी गेले.

१२ फेब्रुवारी, बुधवार

एकवीस पूर्णांक चार!

घरटी चाळीस भारे आधी बाजूला काढले, राहिलेल्याच पराट्या कारखान्याला दिल्या, आणि तरीही एकवीस पूर्णांक चार. खुर्चीवरून उठून दोनदा खिडकीपर्यंत जाऊन आले. खोटं बोलले नाही, तळटीप टाकली नाही, आणि आराखडाही वाचला. नोकरीही. मला या नोकरीची किती हाव आहे ते आज मला कळलं.

आराखड्यात कलम घातलं — पराटी उपटणाऱ्या प्रत्येक कुटुंबासाठी वर्षाला चाळीस भारे राखीव. त्यावरच्याच पराट्या कारखाना उचलेल. आधी ‘अंदाजे चाळीस’ लिहिलं होतं. ज्योत्स्ना मॅडमनी ‘अंदाजे’ खोडायला लावलं. "अंदाजे म्हटलंस की उद्या कुणी दहा देईल." पटलं.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

कलम काढा म्हणून तिन्ही शहरं एक झाली. आठ महिन्यांत पहिल्यांदा एका गोष्टीवर एकमत, आणि ते या गोष्टीवर!

अ म्हणतं, माल कमी पडेल. ब म्हणतं, कोळसा तेवढा कमी होणार नाही. क म्हणतं, खेडी आमच्या हद्दीत नाहीत, त्यांच्या चुलीचं आम्ही काय करावं? तुमच्या हद्दीत नाहीत तर त्यांच्या पराट्या तुमच्या नावावर कशा पाहिजेत, असं मी विचारलं. त्यावर उत्तर आलं की मॅडम फार मनाला लावून घेतात.

हो, लावून घेते. मनाला नाही तर कशाला लावून घेऊ?

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

आकडे पुन्हा पाठवा म्हणून तिन्हीकडून पत्रं. ब शहराने या वेळी मोटारींचे फोटो जोडलेत. खरंच सुस्थितीत आहेत.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

मंजुरीची बैठक. मोठ्या साहेबांसमोर. मला दहा मिनिटं दिली होती, चाळीस लागली.

साहेब वाईट नाहीत. नीट वाचून आले होते. कलमापाशी थांबून म्हणाले, पराटीवर उपटणाऱ्याचा हक्क आहे हे कुठल्या कागदावर आहे? मी म्हटलं, कुठल्याच नाही. सातबाऱ्यावर पीक असतं, पराटी नसते. ही रीत आहे. मालक मजुरी देत नाही, मजूर पराटी नेतो, दोघांनाही कधी कागद लागला नाही. आपला कारखाना आला की मालकाला गिऱ्हाईक मिळेल, आणि त्या दिवसापासून कागद लागेल. म्हणून तो आज करायचा.

हे मी ठरवून बोलले नव्हते. आपोआप आलं. मागच्या रांगेतून हरीओमने मान हलवली.

"चाळीसच का?" साहेबांनी विचारलं.

मी म्हटलं, मी स्वतः दारोदार जाऊन विचारून आलेय, भारे तोलून आलेय. बेचाळीस घरांच्या बेचाळीस नोंदी पुढे ठेवल्या. त्यांनी कागद चाळले. म्हणाले, "असा अभ्यास हल्ली कुणी करत नाही." कलमासकट मंजूर केलं.

बाहेर येऊन रडू आलं. जिन्यातच. एक शिपाई म्हणाला, नामंजूर झालं का ताई?

४ मार्च, मंगळवार

आदेश हातात आला. शिक्का, सही, जावक क्रमांक, सगळं. कक्ष कायमचा, माझं नाव. पवनने पेढे आणले. हरीओमने आज चहा घेतला, स्वतः मागून.

एकच गोष्ट जरा खटकली. मामाजींना फोनवर कलम वाचून दाखवलं. ते म्हणाले, "बेस केलं. कारखान्याचा माणूस येऊन गेला, पराटी देतो म्हन्लं म्या त्याले. आतालोक कोनं किती नेली, मोजलीच नाई कधी. आता वाद नाई. चाळीस झाले का बस." मी म्हटलं, चाळीस त्यांचे हक्काचे आहेत मामाजी. ते म्हणाले, "हो ना. त्याच्यावरचे आपले."

बरोबरच आहे. मी तेच लिहिलंय.

९ मार्च, रविवार

आदेश घेऊन तांड्यावर गेले. या वेळी एकटी. बायांना जमवून कलम वाचलं, अर्थ सांगितला. वाटलं होतं खूश होतील. कमलीबाई उठून आत गेली.

फाट्यापर्यंत निता सोडायला आली. अर्ध्या वाटेवर म्हणाली, "ताई, घराले ऐंशी लागतात. तवा सगळ्या बायायनं ठरवून अर्धे सांगतले. मालकाची सून सासूले घेऊन भारे मोजाले आली, आमाले वाटलं, तुमी बंद कराले आल्या. पुरे कोन सांगन?"

उद्या आमच्या खालच्या वावरात पराटी उपटणार आहेत. मोजायला मामाजी स्वतः बसणार आहेत.